पिंग व्यवस्थित, फाइल कॉपी मात्र रखडते. 'कॅरियर' आणि 'कोलिजन' वाढताहेत

तारजोडे
लिनक्स सर्व्हर एका जुन्या मॅनेज्ड स्विचच्या १०० एमबीपीएस पोर्टवर आहे. पिंगमध्ये एकही पॅकेट हरवत नाही. मोठी फाइल कॉपी करायला घेतली की वेग २-३ एमबीपीएसवर येतो, मधेच पूर्ण थांबतो, पुन्हा चालू होतो. आयएफकॉन्फिगचे (कार्डाची स्थिती दाखवणाऱ्या कमांडचे) आकडे:

टीएक्स (पाठवलेली) पॅकेट्स २१,०४,३८०, एरर्स १,९०६, कॅरियर १,९०६, कोलिजन्स ३८,२१४. आरएक्स (आलेल्या पॅकेटांच्या) बाजूला नाव घेण्यासारखं काही नाही.

कॅरियर एरर म्हणजे लिंक तुटतेय असं समजून केबल बदलली, फरक नाही. लॉगमध्येही लिंक डाउन झाल्याची नोंद नाही. मग हे १,९०६ कसले?

पॅकेटमोजणी
'कॅरियर' या नावावर जाऊ नका. आयएफकॉन्फिग आकडे कर्नलच्या /प्रॉक/नेट/डेव्ह फाइलमधून उचलतं आणि तिथला कॅरियरचा रकाना ही चार काउंटरांची बेरीज असते: कॅरियर, अबॉर्टेड, विंडो आणि हार्टबीट. आरएक्सकडचा 'फ्रेम' रकानाही तसाच; त्यात लेंथ, ओव्हर, सीआरसी (पॅकेट वाटेत बिघडल्याची चूक) आणि फ्रेम असे चौघे एकत्र कोंबलेले असतात. त्यामुळे 'फ्रेम'खाली ५०० दिसले तर ते ५०० सीआरसी असू शकतात. 'ड्रॉप' रकान्यात ड्रॉप्ड आणि मिस्ड एकत्र येतात.

सुटे आकडे /सिस/क्लास/नेट मध्ये तुमच्या इंटरफेसच्या स्टॅटिस्टिक्स फोल्डरमध्ये आहेत, प्रत्येक काउंटरची वेगळी फाइल. किंवा आयपी लिंक कमांडला -एस दोनदा द्या. टीएक्सचे अबॉर्टेड, विंडो आणि कॅरियर हे तीन वेगळे टाका इथे. सोबत इथटूल (कार्डाच्या सेटिंगची कमांड) काय स्पीड आणि ड्युप्लेक्स (हाफ म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचं, फुल म्हणजे दोघांनी एकदम) सांगतं तेही, आणि स्विचच्या त्या पोर्टचे आकडे.

तारजोडे
विंडो १,८९७, अबॉर्टेड ९, कॅरियर ०.
इथटूल: १०० एमबीपीएस, हाफ ड्युप्लेक्स, ऑटो-निगोशिएशन (वेग आणि ड्युप्लेक्स दोन्ही टोकांनी आपसात ठरवणं) चालू.
स्विचवर पोर्ट १०० / फुल असा हाताने बांधलेला आहे. तिथे एफसीएस एरर (म्हणजे सीआरसीचीच चूक) आणि रंट दोन्ही चढताहेत.

पॅकेटमोजणी
मग प्रश्न सुटला. हा ड्युप्लेक्सचा बेबनाव आहे, केबलचा काही दोष नाही.

स्विचवर वेग बांधला की बहुतेक स्विच ऑटो-निगोशिएशनचे पल्स पाठवणं बंद करतात. सर्व्हरचं कार्ड समोरचा सिग्नल पाहून वेग १०० आहे हे ओळखतं, पण ड्युप्लेक्स सिग्नलवरून कळत नाही. अशा वेळी हाफ धरायचं, हा नियमच आहे. म्हणजे कार्ड नियमाने वागतंय.

आता सर्व्हर बोलण्याआधी तार मोकळी आहे का बघतो आणि स्विच मनाला येईल तेव्हा बोलतो. सर्व्हरची फ्रेम (तारेवरून जाणारं पॅकेट) अर्धी गेलेली असताना स्विचची फ्रेम आली की सर्व्हर त्याला टक्कर समजून थांबतो. पहिल्या ६४ बाइटच्या आत (५१२ बिट, १०० एमबीपीएसवर ५.१२ मायक्रोसेकंद) झाली तर ती साधी कोलिजन: थोडं थांबून पुन्हा पाठवायचं, असे १६ प्रयत्न, तेही फसले तर अबॉर्टेड. तुमचे ९ ते हे. ६४ बाइटनंतर झाली तर लेट कोलिजन, आणि लिनक्समध्ये ती विंडो एरर म्हणून मोजली जाते. नियमात बसणाऱ्या हाफ ड्युप्लेक्स जाळ्यात लेट कोलिजन शून्यच असायला हवी. तुमच्याकडे १,८९७ आहेत.

स्विचला दिसतात ते सर्व्हरने मधेच सोडून दिलेले तुकडे. ६४ बाइटपेक्षा छोटा तुकडा म्हणजे रंट, मोठा म्हणजे एफसीएस एरर. एका टोकाला लेट कोलिजन आणि दुसऱ्या टोकाला एफसीएस + रंट, ही जोडी दिसली की आधी ड्युप्लेक्स तपासा.

पिंग निर्धास्त चालतो कारण एक जातो, मग एक येतो; दोघं एकाच वेळी क्वचितच बोलतात. टीसीपीमध्ये, म्हणजे तुमच्या फाइल कॉपीत, डेटा आणि उलट दिशेच्या पोचपावत्या सतत आमनेसामने येतात. लेट कोलिजननंतर बहुतेक कार्डं ती फ्रेम टाकून देतात, मग पुन्हा पाठवण्यासाठी टीसीपीला स्वतःच्या टायमरवर अवलंबून राहावं लागतं. लिनक्समध्ये तो किमान २०० मिलिसेकंद. तुमचे मधले थांबे हेच.

उपाय: स्विचचा पोर्ट ऑटोवर टाका. ते शक्यच नसेल तरच सर्व्हरवर १०० / फुल, ऑटो बंद. त्याच पोर्टवरून लॉगिन केलं असेल तर आदेश देताना जपून, लिंक क्षणभर पडते. रीबूटनंतर ही सेटिंग उडते, म्हणून नेटवर्क कॉन्फिगमध्येही लिहा. आणि इथटूलचा छोटा एस सेटिंग बदलतो, मोठा एस आकडे दाखवतो. घाईत इथेच गफलत होते.

बिनआवाजी
वरच्याला एक पुरवणी. विंडो वाढतेय पण दोन्ही टोकं खरोखर हाफ आहेत, असं निघालं तर जाळं लांबीला जास्त झालंय. १०० एमबीपीएसवर क्लास २ चे (सिग्नल कमी उशिराने पुढे पाठवणारे) दोनच हब चालतात आणि दोन टोकांमधलं एकूण अंतर २०५ मीटरपर्यंत.

नुसत्या 'कोलिजन' आकड्याला मात्र घाबरू नका. हाफवर ती एरर नसून बोलण्याची पद्धत आहे. फुल ड्युप्लेक्सवर तो आकडा शून्यावरून हलता कामा नये.

तारजोडे
पोर्ट ऑटो केला, फुल आलं, विंडो थांबली. आता दुसऱ्या मशीनचं: गिगाबिट, फुल, सीआरसी शून्य, पण आरएक्स मिस्ड आणि ड्रॉप्ड दोन्ही वाढताहेत. इथेही केबल निर्दोष समजू ना?

बिनआवाजी
हो. सीआरसी शून्य म्हणजे फ्रेम धड पोहोचल्या, गळती मशीनच्या आत आहे. पण दोन्हीची कारणं वेगळी.

मिस्ड म्हणजे कार्डाकडे फ्रेम आली तेव्हा रिंगमध्ये (आलेल्या फ्रेम ठेवायच्या रांगेत) रिकामी जागा नव्हती. इथटूलला छोटा जी दिला की रिंगचा आकार दिसतो, मोठा जी तो बदलतो. अनेक इंटेल ड्रायव्हरांत तो २५६ असतो, कमाल ४०९६. गिगाबिटवर सगळ्यात छोट्या फ्रेम सेकंदाला सुमारे १४.८८ लाख येऊ शकतात, म्हणजे २५६ जागा १७२ मायक्रोसेकंदात भरतात. सीपीयू तेवढा वेळ दुसरीकडे गुंतला की मिस्ड वाढलाच. आधी १०२४ करून बघा. थेट ४०९६ केलंत तर गळती झाकली जाईल, पण गर्दीच्या वेळी पॅकेट रिंगमध्ये जास्त वेळ पडून राहतील. सगळे इंटरप्ट (कार्डाने सीपीयूला मारलेल्या हाका) एकाच कोअरवर पडताहेत का तेही पाहा. तसं असेल तर रिंग कितीही वाढवा, उपयोग तात्पुरता.

ड्रॉप्ड पुष्कळदा निरुपद्रवी असतो. ज्या प्रोटोकॉलचा किंवा व्हीलॅनचा (स्विचवरच्या वेगळ्या आभासी जाळ्याचा) कर्नलमध्ये कोणी वाली नाही, त्या फ्रेमही तिथे मोजल्या जातात. स्विचकडून ठरावीक अंतराने येणाऱ्या एलएलडीपी (स्वतःची ओळख सांगणाऱ्या) फ्रेम त्यातल्याच. ओळखायची सोपी युक्ती: त्या इंटरफेसवर टीसीपीडंप (पॅकेट पकडून दाखवणारी कमांड) चालू ठेवा. ड्रॉप्ड वाढायचा थांबला तर त्या बेवारस फ्रेम होत्या, कारण आता त्यांना घेणारा मिळाला. तरीही वाढत राहिला तर /प्रॉक/नेट/सॉफ्टनेट_स्टॅट मधला दुसरा रकाना बघा, तो बॅकलॉग (कर्नलमधली पॅकेटांची रांग) भरून टाकलेल्या पॅकेटांचा. आकडे षोडशमान पद्धतीत असतात.

पॅकेटमोजणी
आणि काउंटर शून्य करायची सर्वसाधारण सोय लिनक्समध्ये नाही. दोन वेळा वाचा, मधे ६० सेकंद, वजाबाकी करा. १,९०६ हा आकडा सहा महिन्यांत साठलाय की गेल्या मिनिटात, हे त्याशिवाय कळत नाही.