आपल्या महाराष्ट्रातलं तुम्हाला मनापासून काय आवडतं?

रंकाळ्याजवळची_मावशी

माझी भाची बेंगळुरूत शिकते. तिच्या वसतिगृहात निरनिराळ्या राज्यांतल्या मुली आहेत आणि प्रत्येकीनं आपापल्या राज्याबद्दल दहा मिनिटं बोलायचं ठरलंय. तिनं मला फोन केला, "मावशी, तू कोल्हापुरात राहतेस, मला काहीतरी सांग."

किल्ले, वारी, पुरणपोळी हे तिला माहीत आहे. तांबडा-पांढरा ती मैत्रिणींना स्वतः करून घालते, त्यामुळे तेही नको. तिला हवंय ते इथं रोज राहणाऱ्या माणसाला आपल्या राज्याबद्दल जे मनापासून आवडतं ते. मी विचार करायला बसले तर अंबाबाईच्या किरणोत्सवापलीकडे चटकन काही सुचेना, आणि तोही तिनं पाहिलेला आहे. तुम्हाला काय आवडतं ते सांगाल का? लांबलचक लिहिलंत तरी चालेल, मी सगळं वाचून दाखवणार आहे तिला.

भोगावतीकाठ

ताई, मला या राज्यातलं सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर नदीवरचा बंधारा. धरण नव्हे, बंधारा.

आमचं गाव भोगावतीच्या काठाला, हळदी आणि राशिवड्याच्या पट्ट्यात. ऊस, थोडं भात, दारात दोन म्हशी. गावच्या पाणीपुरवठा संस्थेचं सचिवाचं कामही मीच बघतो, म्हणून पाण्याबद्दल जरा जास्तच बोलतो, घरचे सांगतीलच.

बंधारा म्हणजे नदीत आडवी उभी केलेली दगडी खांबांची रांग आणि वरनं जायला अरुंद रस्ता. दोन खांबांच्या मध्ये मोकळा गाळा, आणि खांबांच्या अंगाला उभ्या खाचा. पावसाळा सरून नदी निवळली की ऑक्टोबरच्या सुमाराला त्या खाचांतून बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, खाली सोडायचे, एकावर एक. पूर्वी लाकडी असायचे, आता बऱ्याच ठिकाणी लोखंडी आहेत. बरग्यांच्या दोन ओळी लावायच्या आणि मधल्या पोकळीत माती ठासायची. एवढंच.

लहानपणापासून बघत आलोय, तरी बरगे घालायचे असले की मी अजून जाऊन उभा राहतो. वर दोर धरलेली माणसं "जरा डावीकडं, अजून, अजून" करत असतात, बरगा तिरका होऊन खाचेत अडकतो, कुणीतरी पहारीनं दोन ठोके देतो आणि तो खाडकन तळाला बसतो. लगेच सगळ्या फटींतनं पाण्याच्या चिळकांड्या उडायला लागतात. मग पाटीपाटीनं माती पडते, ती पायानं आणि धुमुसानं दाबतात, आणि चिळकांड्या एकेक करून बंद होत जातात. एखादी राहतेच हट्टी, तिच्यावर दोघं-तिघं तुटून पडतात. सगळं झालं की पलीकडच्या अंगाला बोटभर धार खाली जात राहते आणि वरच्या अंगाला पाणी हळूहळू काठ चढायला लागतं.

आणि जूनच्या तोंडावर हे सगळं पुन्हा काढायचं! बरगे काठावर रचून ठेवायचे, पुराला वाट मोकळी. पुराबरोबर गाळ निघून जातो, म्हणून बंधाऱ्यामागची जागा भरून येत नाही. नदी अडवायची, पण कायमची नाही. ज्यानं कुणी हे पहिल्यांदा केलं त्याला नदी कळली होती असं मला वाटतं. आमच्या जिल्ह्यातली ही रीत राज्यभर गेली. पाटबंधारे खात्याच्या कागदांवर कुठल्याही जिल्ह्यात 'को. प. बंधारा' असं लिहिलेलं असतं, त्यातलं को. प. म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा. लेकीच्या सासरी बार्शीकडं ओढ्यावर तसाच बंधारा बघितला तेव्हा ऊर भरून आला माझा.

पाणी येतं राधानगरीतनं. शाहू महाराजांनी ते धरण बांधायला घेतलं. महाराज 1922 ला गेले, काम पैशापायी रखडलं, आणि पुरं झालं 1950 च्या दशकात. त्याची सात दारं आपोआप उघडतात. पाणी ठरावीक उंचीला पोचलं की त्याच्याच दाबानं दार उचलतं, माणूस लागत नाही. एका दारातनं 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. पावसाळ्यात आमच्याकडं रात्री दोनला फोन वाजला तरी कुणी दचकत नाही, पलीकडनं एकच वाक्य येतं, "तीन नंबरचं उघडलं." मग घरातले पुरुष बॅटऱ्या घेऊन नदीकडं पळतात, कारण काठावरच्या मोटरी वर काढायच्या असतात. तिथं माझी मोटर आणि तुझी मोटर नसते. ज्याच्याशी बांधावरनं वर्षभर बोलणं बंद, त्याची मोटर पण आधी वर ओढायची, कारण तो खालच्या अंगाला आहे आणि पाणी त्याच्याकडं आधी पोचणार. हे मला कुणी शिकवलेलं नाही, वडिलांना करताना बघितलं.

उन्हाळ्यात मात्र कसोटी लागते. नदीत पाणी कमी झालं की उपसाबंदी जाहीर होते, ठरलेल्या दिवशी कुणीही मोटर चालू करायची नाही. संस्थेची पाळी असते, पाटकरी सांगेल त्या तासाला त्याच वाफ्याला पाणी. आडसाली ऊस वाळायला लागलेला असतो, माणसं चिडतात, माझ्या दारात येऊन भांडतात. पण पाळी मोडत नाही. मोठ्या बागायतदाराची आणि अर्ध्या एकरवाल्या बाईची पाळी एकाच कागदावर, एकाखाली एक असते. तो कागद मी स्वतः हातानं लिहून चावडीशेजारी लावतो आणि खरं सांगतो, तो लावताना मला अभिमान वाटतो.

दूध संस्था तशीच, साखर कारखाना तसाच, सेवा सोसायटी तशीच. संध्याकाळी बायका किटली घेऊन रांगेत उभ्या राहतात, फॅट लागते, चिठ्ठी हातात येते आणि दहा दिवसांनी बिल. माझ्या आईचं स्वतःच्या नावचं पहिलं पासबुक दूध संस्थेमुळं निघालं. राजकारण आहे यात, निवडणुकीत डोकी फुटायची वेळ येते, सगळं आहे. तरी चार माणसांनी बसायचं, भागभांडवल गोळा करायचं आणि एकट्याला न झेपणारं काम उभं करायचं ही सवय या मातीत आहे, आणि मला ती देवळाइतकी जवळची आहे.

भाचीला बंधाऱ्याचं जरूर सांगा. फोटो पाहिजे असला तर मी पाठवतो.

अंबाजोगाई_ते_शिरगाव

भोगावतीकाठ दादा, वाचताना अंगावर काटा आला. पण मी मराठवाड्यातला, नोकरीसाठी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आलेला. आमच्याकडं बंधारे आहेत, त्यांत घालायला पाणी नसतं. इथला ऊस बघून पहिल्या वर्षी मला रागच यायचा, हेही महाराष्ट्र आणि तेही महाराष्ट्र म्हणून. त्यामुळं माझं उत्तर वेगळं आहे.

मला माझ्या पगाराच्या स्लिपवरची एक ओळ आवडते. व्यवसाय कर, 200 रुपये. फेब्रुवारीत 300. सगळे त्याच्यावर कुरकुर करतात. हा कर 1975 मध्ये आला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला. 1972 च्या दुष्काळात माझ्या आजीनं खडी फोडली. मिलोच्या, म्हणजे परदेशातनं आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी आणि कामावर मिळणारा सुकडी नावाचा कोरडा खाऊ यांवर घरातली लेकरं जगली. त्या कामांतनं पुढं कायदा झाला, 1977 चा: खेड्यातल्या माणसानं काम मागितलं तर सरकारनं ते द्यायचंच. विधान परिषदेचे सभापती राहिलेल्या वि. स. पागे यांची ही कल्पना, आणि तिचा पहिला प्रयोग इथनं जवळच, तासगाव तालुक्यात विसापूरला झालेला. देशाचा कायदा व्हायला 2005 उजाडलं.

म्हणजे मुंबईत एसी ऑफिसात बसलेल्याच्या पगारातनं पैसे कापले गेले आणि आमच्या शिवारात पाझर तलाव झाला. आजीनं ज्या तलावावर माती वाहिली तो अजून आहे, पाऊस बरा झाला की आजूबाजूच्या विहिरींना पाझर लागतो. कामात खोट्या हजेऱ्या झाल्या, मजुरी वेळेवर मिळाली नाही, ते आम्हीच भोगलंय. तरीही, शहरानं खेड्याची चूल पेटती ठेवायची हे एका राज्यानं कायद्यात लिहून ठेवलं. मुलींच्या वसतिगृहात सांगण्यासारखं याहून मोठं काही मला माहीत नाही.

खालच्या_अंगाला

मी शिरोळ तालुक्यातली. वर सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, पण नदी आमच्यापर्यंत येते तेव्हा काय होऊन येते तेही त्या मुलीला सांगा. भोगावतीचं पाणी पुढं पंचगंगेतनं आमच्याकडं येतं. उन्हाळ्यात या पंचगंगेला काळपट रंग येतो, जलपर्णीनं पात्र झाकून जातं, आणि तेरवाडच्या बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा थर येऊन लागतो. वास घरात येतो. ज्या बरग्यांबद्दल दादांनी एवढ्या मायेनं लिहिलं, त्याच बरग्यांमागं आमच्याकडं ही घाण साचते.

मला काय आवडतं? नरसोबाच्या वाडीला कृष्णा आणि पंचगंगा भेटतात ती जागा. पुराचं पाणी दत्ताच्या पादुकांवरनं वाहत जाऊन दक्षिण दारानं बाहेर पडतं तेव्हा आम्ही त्या पाण्यात स्नान करतो. दरवर्षी पूर अंगावर घेणारी माणसं त्याच पुराला हात जोडतात. आवडतं म्हणूनच तर तक्रार करतेय.

भोगावतीकाठ

ताई, तुमचं बरोबर आहे. आमच्याकडं पाणी स्वच्छ असतं, म्हणून आम्हाला सुचतं हे सगळं. शहर आणि कारखाने ओलांडून खाली काय जातं याची जबाबदारी वरच्यांचीच आहे. पाळी पाण्याची लावतो तशी घाणीचीही मोजदाद लावायला पाहिजे.

पुस्तकं_आणि_पेठ

मी शिवाजी पेठेतली, त्यामुळे फुटबॉलबद्दल लिहीन अशी सगळ्यांची अपेक्षा असणार. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की आमच्या घरात जेवण वेळेवर होत नाही, हे खरं. पण माझं मन आहे ग्रंथालयात.

करवीर नगर वाचन मंदिर 1850 सालचं. मुंबई विद्यापीठ 1857 चं, म्हणजे त्याच्याही आधी आमच्या गावात लोक वर्गणी भरून पुस्तकं वाचत होते. पुढं 1945 मध्ये कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, देशात पहिला. महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. आज तालुक्याच्या गावीच काय, लहानशा खेड्यातही पत्र्याच्या खोलीत एक वाचनालय निघतं, बाकावर वर्तमानपत्र आणि त्यावर चार डोकी.

आणि दिवाळी अंक! फराळाबरोबर वाचायला म्हणून शेकडो मासिकं दरवर्षी नव्यानं काढायची, ही 1909 पासूनची रीत आहे. वाचनालयात थोडे पैसे भरले की दिवाळीनंतर एक-एक अंक घरी नेता येतो. माझ्या सासूबाईंची शाळा चौथीत सुटली. फेब्रुवारी संपेपर्यंत त्यांचा अंक चालू असतो, मधल्या पानात चिंचेच्या गोळीचा कागद खूण म्हणून, आणि कथा आवडली नाही तर मला बोलावून घेऊन लेखकाचं काय चुकलं ते सांगतात. त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा पटण्यासारखंच असतं. मराठी बाईला असं ठामपणे बोलायला लावणारी ही दिवाळी मला फार प्रिय आहे.

रंकाळ्याजवळची_मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. भाचीला रात्री फोनवर वाचून दाखवलं. व्यवसाय कराचं ऐकून ती गप्पच झाली, तिच्या बाबांच्या स्लिपवर ती ओळ तिनं पाहिलेली आहे. शिरोळच्या ताईंचंही ती सांगणार आहे, वगळणार नाही म्हणाली.

भोगावतीकाठ दादा, तिला बंधारा प्रत्यक्ष बघायचाय. कोल्हापूर शहरातनं जवळचा कुठला? आणि जुलैत आली तर चालेल का?

भोगावतीकाठ

शहरातनं सगळ्यात जवळचा राजाराम बंधारा, कसबा बावड्याच्या बाजूला. पुराच्या बातम्यांत पंचगंगेची जी उंची सांगतात ती तिथलीच. 39 फूट इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा चिखली-आंबेवाडीची माणसं गुरांसकट बाहेर काढली होती.

जुलैत मात्र आणू नका. बंधारा तेव्हा पाण्याखाली असतो, बघायला काही दिसत नाही, आणि काठाला निसरडं. पाणी कठड्याला टेकलेलं असलं आणि पलीकडचा रस्ता दिसत असला तरी कुणी गाडी घालू नये, दरवर्षी कुणीतरी घालतोच. दिवाळीच्या सुट्टीत तिला घेऊन थेट आमच्याकडं या. रंकाळ्यावरनं राधानगरी रस्त्याला लागायचं, हळदीला पोचलात की मला इथं निरोप टाका, मी न्यायला येतो. पावसानं लवकर उघडीप दिली तर बरगे त्याच्या आधीच बसतील, म्हणून खात्याकडनं तारीख कळली की मी इथंच लिहितो. येताना पोरीला जुनी चप्पल घालायला सांगा, मातीत पाय जातो. जेवायला घरीच या.