पहिली आयएनएस दिल्ली: तीन निशाणं, पंचेचाळीस वर्षं. काटकसर की नाइलाज?

सागरगोटा

नौदलातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांशी परवा वाद झाला. त्यांचं म्हणणं असं की स्वातंत्र्यानंतर ब्रिटिशांनी भंगारात जायच्या बोटी आपल्या गळ्यात मारल्या आणि आपण त्या तीस-तीस वर्षं ओढत बसलो. मला हे पटत नाही. कारण एकच, पहिली आयएनएस दिल्ली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी तिची कुंडली. बर्कनहेडला कॅमल लेअर्डच्या गोदीत बांधली, १९३२ साली पाण्यात उतरली, १९३३ साली ब्रिटिश नौदलात एचएमएस अकिलीज म्हणून दाखल झाली. सहा इंची आठ तोफा, दोन-दोनच्या चार टरेटमध्ये, म्हणजे फिरत्या तोफघरांत. १९३६ पासून ती ब्रिटिश नौदलाच्या न्यूझीलंड विभागाकडे होती. १३ डिसेंबर १९३९ ला प्लेट नदीच्या मुखाबाहेर तिने, एजॅक्स आणि एक्सेटर या ब्रिटिश बोटींबरोबर, जर्मनांच्या ॲडमिरल ग्राफ श्पी या युद्धनौकेला गाठलं. समोर अकरा इंची तोफा होत्या, तरी मागे हटली नाही. चार दिवसांनी ग्राफ श्पीच्या कप्तानाने आपलं जहाज माँटेव्हिडिओबाहेर स्वतःच उडवून दिलं.

१९४१ साली रॉयल न्यूझीलंड नेव्ही स्थापन झाली आणि बोट तीच राहून निशाण बदललं. जानेवारी १९४३ मध्ये ग्वाडलकॅनालजवळ जपानी बाँब तिच्या मागच्या बाजूच्या एका टरेटवर पडला. दुरुस्तीला पोर्ट्समथला नेली, तर तिथे बोटीवरच स्फोट होऊन १४ गोदी कामगार गेले. तो टरेट पुन्हा बसवलाच नाही, त्या जागी विमानविरोधी तोफा आल्या. १९४६ ला परत ब्रिटिशांकडे, ५ जुलै १९४८ ला आपल्याकडे. ३० जून १९७८ ला मुंबईत तिचं निशाण कायमचं उतरलं.

आता हिशोब करा. ब्रिटन आणि न्यूझीलंडची मिळून पंधरा वर्षं, आपली एकट्यांची तीस. १९५० साली नेहरू हिच्यावरून इंडोनेशियाला गेले. १९५३ ला राणीच्या राज्याभिषेकानिमित्त स्पिटहेडला झालेल्या नौदल संचलनात ही होती. १९५६ साली प्लेट नदीच्या लढाईवर इंग्रजी चित्रपट निघाला, त्यात अकिलीजचं काम अकिलीजनेच केलं, म्हणजे आपल्या दिल्लीने. १९६१ ला दीवच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. गळ्यात मारलेली बोट एवढं करते होय?

खारा_वारा

कुंडली झकास, पण भविष्य चुकलं.

दिल्ली टिकली कारण तिच्यावर कोणी क्षेपणास्त्र मारलं नाही. तिच्याच पिढीच्या ज्या बोटींवर मारलं, त्यांची नावं मी देतो.

एलात. मूळची ब्रिटिशांची एचएमएस झेलस, १९४४ ची. इस्रायलने घेतली आणि आघाडीवरची बोट म्हणून फिरवली. २१ ऑक्टोबर १९६७ ला पोर्ट सैदच्या समोर इजिप्तच्या टीचभर क्षेपणास्त्र नौकांनी बंदरातूनच स्टिक्स क्षेपणास्त्रं सोडली आणि ती बुडाली. ४७ माणसं गेली.

खैबर. मूळची एचएमएस कॅडिझ, तीही १९४४ ची, पुढे पाकिस्तानची. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीबाहेर आपल्या निर्घात या क्षेपणास्त्र नौकेने तिच्यावर क्षेपणास्त्रं सोडली. निर्घात जेमतेम दोनशे टनांची, खैबर तिच्या दहापटीहून मोठी. यातली खरी गोष्ट पुढे आहे. पहिला तडाखा बसल्यावर खैबरने किनाऱ्याला संदेश पाठवला की शत्रूच्या विमानांनी हल्ला केला. नौकेवरून काय आलं हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही, कारण ती बोट ज्या युद्धासाठी बांधली त्या युद्धात असलं काही नव्हतंच.

त्या रात्री आपण नव्या बाजूला होतो म्हणून टाळ्या वाजवतो. दिल्ली खैबरच्या जागी असती तर?

सागरगोटा

असती तर बुडाली असती, कोण नाही म्हणतंय. पण तिला तिथे ठेवली नव्हती! १९७१ ला पश्चिम ताफ्याचं ध्वजजहाज, म्हणजे ताफ्याच्या प्रमुखाची बोट, मैसूर होतं. दिल्ली शेवटची वर्षं पोरांना शिकवत होती.

खारा_वारा

आणि मैसूर काय नवी होती? तीही एचएमएस नायजेरिया, दुसऱ्या महायुद्धातलीच.

टंकलेखक

खुर्ची ओढून बसलो आहे. चालू द्या.

बॉयलरफ्लॅट

मी दिल्लीवर कधीच नव्हतो, मी पुढच्या पिढीचा. पण वाफेच्या बोटींवर अकरा वर्षं काढली, म्हणून थोडं खालच्या मजल्यावरचं सांगतो. वर डेकवर निशाण कुठलं आहे हे खाली फारसं कळत नाही.

बोट म्हातारी होते म्हणजे आधी तिच्या नळ्या म्हाताऱ्या होतात. बॉयलरची नळी गळायला लागली की आख्खा बॉयलर कोणी बदलत नाही. आधी तो थंड होऊ द्यायचा, आणि थंड म्हणजे हात ठेवता येईल इतपतच, कारण वरून सारखं कोणीतरी विचारत असतं "किती वेळ?". मग पाणी भरून दाब द्यायचा, भट्टीच्या बाजूने आत शिरून टॉर्च मारायचा आणि कुठली नळी रडतेय ते बघायचं. मग मॅनहोल उघडून ड्रममध्ये कोपरांवर सरकत जायचं आणि त्या नळीच्या दोन्ही तोंडांना बूच मारायचं. झालं, ती नळी मेली. दर वर्षी थोड्या मरतात. वाफ थोडी कमी, वेग थोडा कमी. कागदावर वेग जुनाच लिहिलेला असतो, तो कोणी खोडत नाही.

म्हणून सागरगोटासाहेब, "तीस वर्षं चालवली" असं तुम्ही म्हणता तेव्हा मला त्यामागे बुचं मोजणारी माणसं दिसतात. आणि सुटा भाग मागवावा तर ज्याने बनवला त्याचं दुकान बंद झालेलं. मग वर्कशॉपात लेथवर स्वतः करायचा, नाहीतर दुसऱ्या म्हाताऱ्या बोटीतून काढून आणायचा.

पण खारा_वारा यांच्याशीही मी पूर्ण सहमत नाही. अशा बोटीवर शिकलेला पोरगा नव्या बोटीवर कुठेही उभा राहतो. त्याला कानाने कळतं की पंप बिघडायला आलाय. ही विद्या नव्या बोटीवर येत नाही, कारण तिथे काही बिघडतच नाही, निदान पहिली काही वर्षं तरी.

सागरगोटा

याच मुद्द्याची वाट बघत होतो. १९४८ साली क्रूझर, म्हणजे तोफांची मोठी युद्धनौका, चालवायची सवय आपल्याकडे कुणाला होती? दिल्ली ही आपली पहिली. तीन जून १९७२ ला माझगाव गोदीत बांधलेली निलगिरी नौदलात आली, लिअँडर वर्गाची. तिच्यावर हात चालवणारे लोक आकाशातून पडले नव्हते.

दोन_पैसे

एक बारकावा: अकिलीज ही लिअँडर वर्गाची क्रूझर आणि निलगिरी ही लिअँडर वर्गाची फ्रिगेट (क्रूझरहून लहान युद्धनौका), पण हे दोन वेगळे लिअँडर. एक १९३० च्या दशकातला, दुसरा १९६० च्या. नाव तेवढं एक. कोणी घराणं जोडू नये.

सागरगोटा

मी जोडलं नाही, पण वाचणारा जोडेल हे खरं. धन्यवाद.

खारा_वारा

बॉयलरफ्लॅट यांनी माझंच काम सोपं केलं. "वेग थोडा कमी" म्हणजे काय होतं याचं याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही, आणि तेही तीन आरमारांतल्याच बोटीचं.

ब्रिटिशांची विमानवाहू एचएमएस व्हेनरेबल, १९४५ ची. १९४८ ला डचांना विकली, नाव कारेल डोरमन. १९६८ ला बॉयलर रूमला आग लागली. डचांनी ती अर्जेंटिनाला विकली आणि जाताना तिच्यात लेव्हायथन नावाच्या अर्धवट राहिलेल्या ब्रिटिश जहाजाचे बॉयलर बसवले. नवं नाव व्हेंतिसिंको दे मायो. मे १९८२, फॉकलंड बेटांवरून अर्जेंटिना आणि ब्रिटनचं युद्ध. तिच्यावरची स्कायहॉक विमानं ब्रिटिश ताफ्यावर जायला तयार होती. बाँब लावून उडायला डेकवर जोराचा वारा लागतो. काही वारा निसर्ग देतो, बाकीचा बोटीने पळून मिळवायचा. त्या दिवशी समुद्रावर वारा पडला आणि बोटीला तेवढा वेग काढता आला नाही. बेत फसला. त्याच दिवशी, २ मे ला, त्यांची बेलग्रानो बुडाली. पर्ल हार्बरमधून वाचलेली १९३८ ची क्रूझर. ३२३ माणसं.

इतकी दशकं बोट चालली म्हणून अभिमान बाळगायचा आणि नेमकं हवं त्या सकाळी ती पळत नाही. याला आयुष्य म्हणत नाहीत, उसनवारी म्हणतात.

दोन_पैसे

बेलग्रानोला बुडवणारे टॉर्पेडोही मार्क ८ होते, म्हणजे मूळ रचना दोन महायुद्धांच्या मधली. अणुपाणबुडीतून सोडलेले, पण जुनेच. तेव्हा "जुनं म्हणजे निकामी" हेही सरसकट नको.

खारा_वारा

टॉर्पेडोला नळ्या गळत नाहीत हो.

बॉयलरफ्लॅट

😄 याला दाद दिली पाहिजे.

सागरगोटा

व्हेंतिसिंको दे मायोचं उदाहरण जबरदस्त आहे, मान्य. पण मी त्यातून उलटं वाचतो. १९७१ ची विक्रांत आठवा. तीही युद्धकाळात बांधायला घेतलेली ब्रिटिश बोट, हर्क्युलिस, आपण पुरी करून घेतली. युद्धाच्या तोंडावर तिच्या एका बॉयलरला तडा गेला होता, वेगावर बंधन होतं. म्हणून तिला काय घरी बसवली? बंगालच्या उपसागरात पाठवली, जिथे समोर मोठं आरमार नव्हतं. तिच्या सीहॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाव धुऊन काढलं. वय तेच, बॉयलर गळका, पण काम झेपेल असं दिलं.

म्हणजे माझा मूळ मुद्दा मी जरा दुरुस्त करतो. दिल्ली टिकली ती मजबूत होती म्हणून नव्हे, तिला वेळोवेळी खालच्या पायरीवर उतरवलं म्हणून. आधी ध्वजजहाज, मग पोर्तुगीजांच्या किल्ल्यासमोर तोफा, मग पोरांची शाळा. अर्जेंटिनाने आपल्या म्हातारीला मात्र वरच्याच पायरीवर ठेवलं.

खारा_वारा

हे तुम्ही पहिल्या पोस्टीत लिहिलं असतंत तर मी आलोच नसतो. पण पायरी उतरवायला खाली दुसरं कोणी चढणारं लागतं. आपण विराटला का उतरवलं नाही? १९४४ ला बांधायला घेतली, १९५९ ला ब्रिटिशांची हर्मिस झाली, १९८७ पासून आपली, निवृत्ती ६ मार्च २०१७. शेवटची विमानं मे २०१६ लाच गेली. त्याआधी मार्चमध्ये गोव्याजवळ बॉयलर रूममध्ये अपघात होऊन एक नौसैनिक गेला. पुढे ऑक्टोबरमध्ये कोचीहून मुंबईला ती दुसऱ्या बोटींच्या दोरावर आली. हा सन्मान नव्हे.

कोकणकडा

विराटचं संग्रहालय आमच्या सिंधुदुर्गात निवतीजवळ होणार होतं. २०१८ ला मंत्रिमंडळाने ८५२ कोटींचा प्रकल्प मंजूरही केला होता. शेवटी बोट अलंगला भंगारात गेली. विक्रांतच्या भंगाराची तर मोटारसायकल झाली. यावर कोणी बोलेल का?

टंकलेखक

त्यावर वेगळा धागा काढा, इथे भरकटेल. बाकी व्हेंतिसिंको दे मायोही शेवटी अलंगलाच आली. म्हणजे फॉकलंडला ज्या दोन बोटी एकमेकींच्या विरुद्ध होत्या (विराट तेव्हा ब्रिटिशांची हर्मिस होती), त्या वीस वर्षांच्या अंतराने एकाच किनाऱ्यावर कापल्या गेल्या.

बॉयलरफ्लॅट

हे माहीत नव्हतं. अंगावर काटा आला. दिल्लीचं काय उरलं?

सागरगोटा

एक टरेट आपण न्यूझीलंडला भेट दिला. ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नाविक तळाच्या दाराशी आहे. त्यांच्यासाठी ती कायम अकिलीजच राहिली. १९६९ ला आपण तिला तिकडे निरोपाच्या भेटीलाही नेलं होतं.

खारा_वारा

१९६९ म्हणजे एलात बुडून दोन वर्षं झाली होती. जुन्या खलाशांना भेटायला पाठवायची तर दिल्लीसारखी बोट नाही, एवढं मी लिहून देतो.