कम्युनिटी कॉलेजची फी माफ झाली तरी पोरं मागेच का?

जर्सीकर_जुना:
आमच्या न्यू जर्सीत घरचं वर्षाचं उत्पन्न ६५ हजार डॉलरच्या आत असेल तर कम्युनिटी कॉलेजची (दोन वर्षांचं सरकारी स्थानिक कॉलेज) फी माफ होते, पेल ग्रँटही (गरीब विद्यार्थ्यांना केंद्र सरकारची परत न करायची मदत) असते, तरी रडगाणं चालूच की या पोरांना करियरच्या संधी नाहीत. अरे दोन वर्षं नीट अभ्यास करा, असोसिएट (दोन वर्षांची पदवी) घ्या आणि स्टेट युनिव्हर्सिटीत जा ना. आपणपण कर्ज काढूनच आलो होतो की. मला तरी हा जिद्दीचा प्रश्न वाटतो, बोला.

फणसपोळी:
काका, कर्ज काढून आलात पण बीई होऊन आलात ना? मी कॅलिफोर्नियात अशाच एका कॉलेजात ट्यूटरिंग करते. फीचं सोडा, या पोरांकडे वेळच नसतो, स्टोअरमधली शिफ्ट दर आठवड्याला बदलते आणि नेमकी लॅबच्या वेळेलाच येते, इंटर्नशिप बिनपगारी मिळाली तर ती करणार कोण, ज्याचं घरभाडं आईबाप भरतात तोच ना! ट्रान्सफरचं तर विचारूच नका. सरकारच्याच जीएओचा (सरकारी कामाचा हिशेब तपासणारी संस्था) २०१७ चा रिपोर्ट आहे, कॉलेज बदलताना सरासरी ४३ टक्के क्रेडिट (पास केलेल्या विषयांचे श्रेयांक) बुडतात. तेच विषय परत करा, आणि पेल आयुष्यात १२ सेमिस्टरच मिळते, बुडालेल्या सेमिस्टर पण त्यातच धरतात.

जर्सीकर_जुना:
४३ मध्ये धंदेवाईक प्रायव्हेट कॉलेजंही आली, सरकारीतून सरकारीत एवढं वाईट नाही. आणि आमच्याकडे २००७ चा कायदाच आहे, एए किंवा एएस (पुढे बॅचलर करता यावी म्हणून असलेली असोसिएट) असेल तर राज्याच्या युनिव्हर्सिटीला क्रेडिट घ्यावेच लागतात.

फणसपोळी:
आणि एएएस, म्हणजे थेट नोकरीसाठीची असोसिएट? लगेच नोकरी लागेल म्हणून गरिबाघरचं पोरगं नेमकं तेच घेतं. नंतर बढतीसाठी बॅचलर (चार वर्षांची पदवी) मागितली की कळतं, यातलं बरंचसं पुढे चालतच नाही. हे पहिल्या दिवशी सांगायला हवं पण काउन्सेलरची अपॉइंटमेंट मिळेल तेव्हा.

सातारी_तडका:
तिकडे डायरेक्ट सेकंड इयर नाही का?? आपल्याकडे दहावीवर तीन वर्षं पॉली, मग इंजिनिअरिंगची तीन, बारावीवाल्याएवढीच सहा, एक वर्ष वाया नाही. अर्थात कंपन्या जातात पुण्यात, आमच्या ग्रुपवर फक्त पूल कॅम्पसचा (अनेक कॉलेजांची मिळून एकत्र भरती) मेसेज येतो तो भाग वेगळा 😄

नुसतीच_वाचक:
नर्सिंगचं कुणी बोललंच नाही. मी दोन वर्षांचं एडीएन (नर्सिंगची असोसिएट) केलं, आरएनची (रजिस्टर्ड नर्स) परीक्षा बीएसएनवाल्यांचीच (नर्सिंगची बॅचलर), लायसन्सही तेच, त्यामुळे सगळंच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण मोठी हॉस्पिटलं बीएसएनच मागतात, न्यूयॉर्कमध्ये तर २०१७ च्या कायद्याने नव्या नर्सला दहा वर्षांत बीएसएन करावंच लागतं. जर्सीकर, तुमच्या कंपनीत असोसिएटवाल्याचा रेझ्युमे घेतात का ते सांगा आधी.

जर्सीकर_जुना:
पोर्टलला बॅचलर टाकल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. पण ते एचआर बघतं, त्यात माझा काय संबंध?