घाट उतरल्यावर मांड्या धरतात. व्हिटॅमिन सी-ईच्या गोळ्या चालू ठेवू की बंद करू?

नमस्कार मंडळी,

वय 44, साताऱ्यात राहते, चार वर्षं पळतेय. सातारा हिल हाफला नऊ आठवडे उरलेत. 21 किमीच्या या शर्यतीत आधी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि तोच उतरून परत यायचं. चढताना दम लागतो, पण पाय जातात ते उतरताना.

गेल्या रविवारी लाँग रनला घाट उतरले. सोमवारी जेमतेम ठीक. मंगळवारी शाळेचा जिना कठडा धरून, आडवी होऊन, एकेक पायरी उतरावा लागला. गुडघ्याच्या चार बोटं वर नुसता हात लागला तरी कळ येत होती. सूज नाही, ताप नाही. लघवीचा रंगही नेहमीसारखा (ती काळपट झाली असती तर इथे न विचारता थेट डॉक्टरांकडे गेले असते).

ग्रुपमधले बरेच जण रोज व्हिटॅमिन सीच्या 500 मिग्रॅच्या दोन गोळ्या आणि ईची 400 ची कॅप्सूल घेतात. पळताना फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) वाढतात, त्यांनी स्नायू दुखावतात, गोळी ते थांबवते असं सगळे सांगतात. मीही दीड महिना घेतेय आणि पाय तसेच धरतात. म्हणून वाचायला बसले.

2006 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 50 किमी पळणारे 22 जण, त्यातल्या काहींना आधी सहा आठवडे रोज सी 1000 मिग्रॅ आणि ई 300 मिग्रॅ. फ्री रॅडिकल्समुळे शरीरातल्या चरबीचं होणारं नुकसान त्यांच्यात रोखलं गेलं, पण स्नायूंची इजा काही टळली नाही. मला हे पटतं. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकसारखा आवळून धरावा लागतो. तंतू त्या ओढीनंच तुटत असतील तर गोळी तिथे काय करणार?

खरी काळजी पुढची आहे. 2014 च्या नॉर्वेतल्या अभ्यासात 54 जणांनी 11 आठवडे सराव केला. सी-ई घेणाऱ्यांच्या स्नायूंत मायटोकाँड्रिया (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रं) वाढण्याच्या खुणा कमी दिसल्या. दमसास मात्र दोन्ही गटांचा सारखाच वाढला. म्हणजे तोटा नक्की किती, ते मला ठरवता येत नाही.

उलट दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीनंतर, रोज 600 मिग्रॅ सी घेणाऱ्यांना सर्दी-घसा कमी झाला, असं 1993 च्या अभ्यासात आहे. आमचा सराव ऐन पावसात चालतो, त्यामुळे हेही मनातून जात नाही.

माझा कल आता गोळ्या सोडून रोज एक पेरू खाण्याकडे आहे, तेवढ्यात दिवसाची सीची गरज भागते. सरावाच्या आठवड्यांत बंद ठेवून फक्त शर्यतीच्या आसपास सी घेतलं, असं कुणी केलंय का? काय अनुभव आला?

दुसरं, एकदा उतार पळल्यावर पुढच्या वेळी पाय कमी धरतात, हे मी स्वतः अनुभवलंय. मग घाट दर आठवड्याला उतरावा की पंधरा दिवसांनी?

आणि ग्रुपमधले एक काका रक्त पातळ राहण्याची गोळी घेतात, वर ही ईची कॅप्सूल. दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. डॉक्टरांना विचारा म्हणून दोनदा सांगितलं, ते हसून सोडून देतात. त्यांना कसं समजावू?