टाटामोबाईल २०६ मध्ये २०७ डीआयचं २९५६ इंजिन बसवायचंय, कुणी केलंय का?

पठारकर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागणार. आमच्याकडे वडलांनी १९९६ ला घेतलेली टाटामोबाईल २०६ पिकअप आहे, गाव आणे पठारावर, तालुका जुन्नर. कांदा भरायचा, आणे घाट उतरून बेल्ह्यावरून आळेफाट्याच्या मार्केटला जायचं आणि येताना खत नाहीतर पेंडीची पोती घेऊन घाट चढायचा, हे गाडीचं काम. वडील आता नाहीत, पण गाडी विकायचा विषय घरात कुणी काढत नाही. आई अजून दसऱ्याला आधी हिलाच हार घालते, ट्रॅक्टरला नंतर.

इंजिन मूळचंच आहे, १९४८ सीसीचं ४८३. गेल्या वर्षापासून ऑइल खातंय, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) धूर येतो आणि खत भरून घाटात आलो की दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर आणावी लागते, मागे गाड्यांची रांग लागते. मिस्त्री म्हणतो यात पैसे घालू नका, २०७ डीआयचं २९५६ सीसीचं इंजिन जुन्या बाजारात मिळतं ते टाकू, घाटात रडणार नाही. गिअर बॉक्स आहे तोच ठेवू म्हणतो. मला तीन गोष्टी विचारायच्यात, बसेल का, बसवल्यावर खरंच फरक पडेल का आणि पासिंगला काय होईल. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज.

लेथवाला_सांगली

दादा, मी अशा दोन गाड्या केल्यात, एक आमच्याच भावकीतली. बसतं. टाटामोबाईल, सुमो, २०७ या सगळ्या एकाच घराण्यातल्या आणि कंपनीने स्वतःच हे तीन लिटरचं इंजिन २०७ डीआयला आणि पुढे सुमो स्पेसिओलाही दिलं होतं, म्हणजे जागेचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. पण नुसतं इंजिन आणू नका. इंजिनासोबत बेल हाऊसिंग (इंजिन आणि गिअर बॉक्समधलं कवच), फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, स्टार्टर, फाउंडेशनचे ब्रॅकेट (इंजिन ज्यावर चेसीला बसतं ते) आणि शक्य असेल तर गिअर बॉक्स, सगळं एकाच गाडीतून उतरवलेलं घ्या. मी पहिल्या गाडीला जुना बॉक्स ठेवायच्या हट्टापायी अडॉप्टर प्लेट (दोन्ही जुळवणारी जोडपट्टी) बनवली, सेंटर केसभर चुकलं आणि चार महिन्यांत इनपुट शाफ्टचं बेअरिंग गेलं. दुसऱ्या गाडीला पूर्ण सेट टाकला, ती आजही कारखान्याला ऊस वाहणाऱ्या टोळीचं सामान ओढतीय.

नंबरातच सगळी गोष्ट आहे बघा. ४८३ म्हणजे चार सिलेंडर आणि ८३ मिमीचा बोअर (सिलेंडरचा व्यास), २९५६ वालं इंजिन ४९७, म्हणजे चार सिलेंडर आणि ९७ चा बोअर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ९० वरून १०० होतो. इंजिन उंचही होतं आणि जडही, त्यामुळे गाडी पुढून बसते. चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) खालच्या क्रॉस मेंबरला म्हणजे चेसीच्या आडव्या पट्टीला लागतंय का, फॅन रेडिएटरला घासतोय का हे इंजिन चेनपुलीवर लटकत असतानाच बघून घ्यायचं, फाउंडेशन वेल्डिंग केल्यावर नाही. रेडिएटर पण मोठाच लागतो, जुन्यावर मे महिन्यात घाट चढलात तर हेड जाईल.

आणि एक गोष्ट मिस्त्री लोक हमखास विसरतात. डिझेल इंजिनला ब्रेक बूस्टरसाठी (ब्रेक पायाला हलका करणारा) व्हॅक्यूम पंप वेगळा असतो, बहुतेक अल्टरनेटरच्या मागेच. तो पंप, त्याची ऑइल लाइन आणि बूस्टरचा पाइप नीट जोडल्याशिवाय गाडी गॅरेजच्या फाटकाबाहेर काढू नका. बूस्टर नसताना कांदा भरून घाट उतरणं म्हणजे पायात जीव राहत नाही, मी अनुभवलंय.

स्पेसिओ_२००३

बसेल का हे वरच्या भाऊंनी सांगितलं, मी फरक पडेल का यावर बोलतो कारण माझी स्पेसिओ याच इंजिनाची आहे, बिनटर्बोची. लोकांना वाटतं हजार सीसी वाढलं म्हणजे गाडी पळणार. तसं नाही. ताकदीचा आकडा जुन्या ४८३ च्या फार पुढे नाही, साधारण ६५ हॉर्सपॉवरच्या घरातच आहे. फरक आहे टॉर्कमध्ये, म्हणजे ओढण्याच्या जोरात, आणि तो खालच्या आरपीएमला मिळतो. जुनं इंजिन चार हजाराच्या वर फिरायचं, हे तीन हजाराला संपतं. म्हणजे मागचा क्राऊन-पिनियन (मागच्या चाकांना फिरवणारे दोन गिअर) तोच ठेवला तर जिथे जुनं इंजिन टॉप गिअरमध्ये ४००० वर १०० चा स्पीड देत असेल तिथे हे ३००० वर ७५ च देणार. घाट तिसऱ्यावर मस्त चढेल पण आळेफाट्याच्या सरळ रोडवर इंजिन ओरडत राहील आणि डिझेलही जास्त जाईल.

म्हणून आधी तुमच्या मागच्या हाऊसिंगचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) मोजा, खोलायची गरज नाही. गाडी सपाट जागी, पुढच्या चाकांना दगड लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक मोकळा, मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि खाली घोडी लावा, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवायचा नाही. प्रोपेलर शाफ्टवर (गिअर बॉक्सपासून मागच्या हाऊसिंगला जाणारा दांडा) खडूने खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा, तोच तुमचा रेशो. समजा शाफ्ट पावणेपाच फेरे फिरला तर पावणेपाच. मग ज्या गाडीचं इंजिन घेताय तिचा पण असाच मोजा. तिचा आकडा कमी निघाला तर क्राऊन-पिनियन पण तिकडूनच उचला. बॉक्स बदलला तर प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलते, तो कापून जोडल्यावर बॅलन्स केल्याशिवाय लावू नका, नाहीतर ५० च्या पुढे केबिन थरथरते.

बाकी हे डायरेक्ट इंजेक्शन आहे त्यामुळे थंडीत चालू करताना हीटर प्लग तापायची वाट बघत बसावं लागत नाही, पण आवाज ट्रकसारखा येणार. मला तो आवाज आवडतो, घरच्यांना नाही.

पासिंग_नगरवाला

मी पंधरा वर्षं गाड्यांच्या कागदाची कामं करतोय, त्यामुळे मला हे लिहायलाच पाहिजे, राग मानू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ स्पष्ट आहे, कंपनीने मुळात जे स्पेसिफिकेशन दिलंय त्याच्याशी आरसीवरचा तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं. इंजिन खराब झालं म्हणून त्याच मेकचं, त्याच टाइपचं दुसरं बसवायचं तर रस्ता आहे. आरटीओची परवानगी घ्या, इंजिनाचं बिल आणि ते ज्या गाडीतून निघालं तिचे कागद दाखवा, इन्स्पेक्टर नंबर तपासून आरसीवर चढवतो. पण १९४८ च्या जागी २९५६ म्हणजे सीसीच बदलली. २०६ ला कंपनीने ते इंजिन दिलेलं नाही, तर ते चढवून देतील या भरवशावर खर्च करू नका.

न सांगता टाकलं तर? तुमची गाडी माल वाहतुकीची, आठ वर्षांच्या पुढची, म्हणजे फिटनेस दरवर्षी. दरवर्षी कुणीतरी बॉनेट उघडणार आणि इंजिन नंबर बघणार. कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ मध्ये अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, नाहीतर दोन्ही अशी शिक्षा आहे. दंड भरता येईल हो, पण घाटात कुणाला धक्का लागला आणि विमा कंपनीने आरसी आणि इंजिनाचा नंबर जुळवून बघितला तर भरपाई तुमच्या सातबाऱ्यावर येईल. मी असं एक घर बघितलंय म्हणून इतकं कळकळीने लिहितोय.

लेथवाला_सांगली

पासिंगवाले साहेब बरोबर बोलतायत. माझ्या दोन्ही गाड्या शेतातल्या रस्त्याला आणि कारखान्याच्या आवारात फिरणाऱ्या, हे मी आधीच लिहायला पाहिजे होतं. हायवेला लागणाऱ्या गाडीला मी आता हे काम घेत नाही.

पठारकर दादा, तुमचं ४८३ खोलून तरी बघितलंय का कुणी? ऑइल खाणं, ब्रीदरचा धूर, घाटात दम नसणं ही सगळी रिंग-पिस्टन गेल्याची लक्षणं आहेत, इंजिन लहान असल्याची नाहीत. नवी असताना हीच गाडी हाच घाट कितव्या गिअरवर चढायची ते आठवा. हेड उतरवा, बोअर मोजून घ्या, कॉम्प्रेशन बघा. डिझेल पंप आणि नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारे) कॅलिब्रेशनला टाका, तीस वर्षांत किती वेळा टाकलेत? क्लच घसरतोय का तेही बघा.

पठारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. लेथवाले भाऊ, तुमचा प्रश्न वाचून आईला विचारलं. ती म्हणाली तुझे वडील दहा पोती खत घालून दुसऱ्यावरच वर यायचे, पहिला कधी टाकला नाही. पंप-नोझल माझ्या हातात गाडी आल्यापासून एकदाही उतरवलेले नाहीत.

काल रेशो मोजला, स्पेसिओवाल्या दादांनी सांगितलं तसा, पोराला शाफ्टचे फेरे मोजायला बसवलं होतं, पाचाच्या जरा आतच निघाला. मिस्त्रीला २९५६ चा विसार देऊ नको म्हणून फोन केलाय. सोमवारी हेड उतरवतोय, बोअर मोजून आला की आकडे इथेच टाकतो, मग कितीचे ओव्हरसाइज पिस्टन घ्यायचे ते सांगा.

लेथवाला_सांगली

टाका. बोअर वर, मध्ये आणि खाली असा तीन ठिकाणी मोजायला सांगा, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा दोन्ही. हेडचा लेव्हल पण चेक करायला लावा.