कॉकाटीलचे तळपाय लाल झालेत, दांडी कोणती बसवावी?

प्रश्न (डिचोली)
कॉकाटील (तुरा असलेला छोटा पोपट) नर, वय 4 वर्षे, वजन 118 ग्रॅम. दोन्ही तळवे लालसर आणि गुळगुळीत झालेत, डाव्या पायाच्या मधल्या गादीवर तर खवल्यांची नक्षीच दिसत नाही. जखम किंवा सूज नाही. पिंजऱ्याबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या दोन दांड्या आहेत, दोन्ही 12 मिमी. एकीवर सँडपेपरचं कव्हर आहे. खाणं राळं आणि सूर्यफुलाच्या बिया. पावसात लाकडाला बुरशी येते म्हणून फांदी घातलेली नाही. मलम लावू का?

उत्तर 1 (फोंडा)
मलम नको, आधी दांड्या बदला. नक्षी पुसट होणं ही बम्बलफूटची, म्हणजे तळव्याला जखम होऊन संसर्ग होण्याच्या आजाराची, सुरुवात. दांडी तीच राहिली तर वरून काहीही लावलं तरी पाय पुन्हा तिथेच घासणार.

सँडपेपर आजच काढा. त्याने नखं झिजत नाहीत, तळवा मात्र सोलवटतो. दुसरी अडचण जाडीची. पक्षी बसलेला असताना बाजूने बघा: बोटांनी दांडीचा साधारण दोनतृतीयांश ते पाऊण घेर धरायला हवा. 12 मिमीवर पुढच्या बोटांची नखं मागच्या बोटांना भिडतात आणि भार मधल्या गादीवर येतो. त्यात दोन्ही दांड्या सारख्याच, म्हणजे दिवसभर तोच बिंदू दाबला जातो. कॉकाटीलला 15 ते 25 मिमी ठीक, आणि एकाच फांदीत जाडी कमीजास्त असेल तर फारच छान.

पेरूची फांदी घ्या, साल ठेवून. झाडावर फवारणी झालेली नसावी. ताठ ब्रशने साबणपाण्यात घासा, भरपूर धुवा, उकळतं पाणी ओता. ऊन नसेल तेव्हा पंख्याखाली दोन दिवस वाळवून मग ओव्हनमध्ये 100 अंशांवर पाऊण तास. समोर उभं राहूनच. पावसाळ्यात दोन संच ठेवा आणि आठवड्याला अदलाबदल करा. काळे ठिपके किंवा कुबट वास आला की फांदी टाकून द्यायची, घासत बसायचं नाही. बोल्ट, वॉशर, नट स्टेनलेस स्टीलचे घ्या. जस्ताचा मुलामा असलेले नकोत; पोपट ते चावतो आणि जस्त त्याला विषारी आहे.

सगळ्यात उंच दांडीकडे जास्त लक्ष द्या. पक्षी तिथेच झोपतो, म्हणजे रात्रीचे दहा-बारा तास सलग. सर्वांत चांगली फांदी तिथे. सिमेंटची दांडी हवीच असेल तर खाली, पाण्याच्या वाटीपाशी. पाय बरा होईपर्यंत एक सपाट फळीही बसवा, वर सुती कापडाची घडी. कापड रोज बदला.

उत्तर 2 (म्हापसा)
पायाचं सांगतो. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ; त्यात दिवसातून एकदा पाच-दहा मिनिटं पाय बुडवा, मग टिपून कोरडे करा. ओला पाय तसाच ठेवला तर कातडी मऊ पडून आणखी फाटते.

घरात असतं ते स्टेरॉइडचं मलम अजिबात लावू नका. पक्ष्यांची प्रतिकारशक्ती त्याने पटकन खचते, शिवाय तो पाय चाटतोच. तेलकट मलम पिसांना लागतं. माणसांच्या वेदनाशामक गोळ्याही नकोत.

काळी खपली, एका बाजूला सूज, गरम तळवा किंवा एक पाय सतत वर धरणं दिसलं तर घरचे उपाय थांबवा आणि पक्षी हाताळणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. खपली काढू नका, गाठ दाबू नका: पक्ष्यांचा पू पनीरासारखा घट्ट असतो, दाबून बाहेर येत नाही. संसर्ग हाडापर्यंत गेलाय का ते एक्स-रेवर कळतं. एक पाय दुखला की सगळा भार दुसऱ्यावर जातो, म्हणून बरा पायही रोज बघा.

प्रश्नकर्ता
धन्यवाद. परसात काजूच्या फांद्या भरपूर आहेत, त्या चालतील? आणि प्लास्टिकच्या दांडीला सुंभ गुंडाळलं तर?

उत्तर 1
दोन्ही नको. काजूचा चीक कातडीला भाजतो. कण्हेरीची फांदीही घेऊ नका, ती तर विषारीच. सुंभ खरखरीत, पावसात ओलं राहतं, आणि सुटलेला धागा बोटाला आवळून बसला तर बोट काळं पडतं. तोवर प्लास्टिकच्या दांडीवर स्वतःला चिकटणारी पट्टी, मेडिकलमध्ये क्रेपसारखी मिळते ती, सैल गुंडाळा. एका भागात दोन थर, पुढे चार. जाडी बदलते आणि मऊही पडतं. विष्ठा लागली की फेकायची.

उत्तर 3 (पेडणे)
खाण्याचं राहिलं. नुसत्या बियांवर अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि तळव्याची कातडी कमजोर होते. तांबडी भाजी, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, गाजर, पिकलेली पपई, रोज थोडं. माशाच्या यकृताच्या तेलाचे थेंब पाण्यात घालू नका, जीवनसत्त्वाचा अतिरेकही घातकच.

वजनाचंही बघा. पाळीव कॉकाटील साधारण 80 ते 100 ग्रॅमचं. काही मोठ्या चणीचे असतात, म्हणून छातीचं हाड चाचपा. बोटाला हाड लागतच नसेल तर चरबी वाढलीय. सूर्यफूल बंद करा, पण बाकीच्या बिया एकदम तोडू नका, नवं खाणं न ओळखून पक्षी उपाशी राहतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज सकाळी खाण्याआधी वजन करा.