मदत हवी आहे: पार्किन्सनमध्ये तोल जातो, मेंदूला बाहेरून उत्तेजन द्यावं का?

नळस्टॉप:
वडील ७३ वर्षांचे, पार्किन्सन ८ वर्षं. सिंडोपा ११० (मेंदूतलं डोपामिन हे रसायन वाढवणारी गोळी) दिवसातून चारदा. थरथर आटोक्यात आहे, पण तोल जातो. तीन महिन्यांत चारदा पडले, त्यातले तीनदा पहाटे बाथरूमला उठल्यावर. पुण्यातल्या एका केंद्राने आरटीएमएसच्या (डोक्यावर कॉइल धरून चुंबकीय ठोके देण्याच्या) २० बैठका सुचवल्यात, पैसे आगाऊ. मामा म्हणतात, टीडीसीएसचं (डोक्यावर ओले स्पंज लावून सौम्य वीजप्रवाह देणारं) छोटं यंत्र ऑनलाइन मागवा, घरीच लावू. तोलासाठी यातलं काय चालतं? केंद्रात काय विचारू?

तोलमापक:
आधी पहाटेचं बघा. पाच मिनिटं आडवं ठेवून रक्तदाब घ्या, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते पडणं नुसतं तोलाचं नाही, रक्तदाबाचं असू शकतं. शेजारी कुणीतरी उभं हवंच. रात्रीच्या शेवटच्या गोळीचा असर पहाटेपर्यंत ओसरतो, तेही धरा. अजून काय काय गोळ्या चालू आहेत?

आता आरटीएमएस. हालचालींचा मंदपणा आणि चाल यांत थोडा फरक पडल्याचे अभ्यास आहेत. निव्वळ तोलाबाबत पुरावा त्याहून कच्चा. कारण तोल सांभाळणारी यंत्रणा बरीचशी मेंदूच्या देठात आहे, आणि तिथला बिघाड नुसता डोपामिनचा नसतो. म्हणूनच सिंडोपा वाढवूनही तोल फारसा सुधरत नाही. आरटीएमएसची कॉइल काम करते ती मेंदूच्या वरच्या थरावर.

विचारायचं ते हे: कॉइल कोणती? पाय हलवणारा भाग मेंदूच्या दोन अर्धगोलांमधल्या फटीत, खोल असतो. नेहमीची आठच्या आकड्याची सपाट कॉइल साधारण २-३ सेंमीच पोहोचते. पायांसाठी दुहेरी शंकूची लागते. तीव्रता कशी ठरवणार? प्रत्येकाचा उंबरठा मोजावा लागतो: दहा ठोक्यांपैकी पाचांत स्नायू हलेल एवढी ताकद. तो हाताच्या बोटांवर मोजून ‘पायांवर उपचार करतो’ म्हणाले तर पुढचं ऐकू नका. कानात बोळे देतात का, तेही बघा. कॉइलचा टकटकाट चांगलाच मोठा असतो. फिट्सचा इतिहास, डोक्यात क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट, डीबीएस (मेंदूत बसवलेले इलेक्ट्रोड) किंवा पेसमेकर असेल तर आधी सांगा.

स्पंजवाली:
टीडीसीएस घरी नको, निदान पहिल्यांदा तरी. अभ्यासात साधारण २ मिलिअँपिअर, २० मिनिटं, ५ बाय ७ सेंमीचे स्पंज. सुरुवातीला आणि शेवटी ३० सेकंदांत प्रवाह हळूहळू चढवतात-उतरवतात. चुकतं ते स्पंजपाशी. खोबरेल लावलेलं डोकं असेल तर रोध वाढतो, यंत्र ‘संपर्क नाही’ म्हणून ओरडतं, मग माणसं पट्टा आवळतात. आदल्या रात्री तेल बंद, सकाळी शांपू, केस पूर्ण कोरडे, मग भांग पाडून स्पंज थेट कातडीवर. नळाचं पाणी नको, ०.९ टक्के सलाइन वापरा. स्पंज ठिबकला की पाणी पसरून प्रवाह कातडीवरूनच निघून जातो; वाळला तर एका ठिपक्यावर एकवटून भाजतं. जागा डोळ्याच्या अंदाजाने नाही, टेपने: नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंतचा मध्य, आणि दोन कानांमधला मध्य, दोन्ही जिथे मिळतात तिथे टाळूवर पायांचा भाग येतो. एवढं करूनही नुसतं बसून राहिलात तर उपयोग कमी. उत्तेजनासोबत किंवा लगेचच तोलाचा सराव हवा. खरा उपचार तो सराव, यंत्र जोडीला.

तोलमापक:
हे बरोबर. सुरू करायच्या आधी मोजमाप करा, नाहीतर फरक पडला हे ठरवणार कसं? हाताच्या खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन, वळून, परत बसायला किती सेकंद. आणि जागच्या जागी पूर्ण गिरकी घ्यायला किती पावलं. दोन्ही गोळीनंतर ठरावीक वेळानेच, तीनदा. पार्किन्सनमध्ये नुसत्या आशेनेही मेंदूत डोपामिन वाढतं. २००१ च्या मेंदूच्या पीईटी (PET) स्कॅन अभ्यासात दिसलंय. त्यामुळे ‘बरं वाटतंय’ पुरेसं नाही. गिरकीचा सराव करताना जागेवर पिळू नका, इंग्रजी यू सारखं मोठं वळण घ्यायला शिकवा. शनिवार-सदाशिव पेठेतल्या अरुंद बोळाच्या घरात हे अवघड जातं, तिथे भिंतीला हाताचा दांडा बसवा.

नळस्टॉप:
रक्तदाब घेतला. आडवं १४८/८६. उभं, १ मिनिट १२२/७६. ३ मिनिटं ११६/७४. चक्कर नाही म्हणाले, पण पाय ‘रिकामे’ वाटतात. गोळ्या: सिंडोपाशिवाय रात्री प्रोस्टेटची टॅमसुलोसिन आणि रक्तदाबाची एक.

तोलमापक:
तीन मिनिटांत वरचा ३२ ने उतरला. टॅमसुलोसिनने उभं राहिल्यावर रक्तदाब खाली येऊ शकतो, बीपीची गोळीही त्यात भर घालते, आणि सिंडोपाही. स्वतःहून काही बंद करू नका. हा कागद आणि गोळ्यांची यादी न्यूरॉलॉजिस्टना या आठवड्यातच दाखवा. तोवर रात्री पलंगाशेजारी युरिनल ठेवा, उठताना पाय खाली सोडून दोन मिनिटं बसवा. केंद्राचे पैसे आत्ता भरू नका.